नावं घेणारी जिज्जी

आमच्या गल्लीला हिंदीवाले ‘दाना ओली’ म्हणत आणि आम्ही मराठी माणसं ‘दाणा ओळ’ म्हणत असू. कधीकाळी तिथे धान्याच्या दुकानांची ओळ होती म्हणून ते नाव पडलं, असं जाणते सांगत. पण नाली तुंबून गल्लीभर पाणी झालं की यमूजिज्जी दारात उभी राहून पदर खोचायची आणि म्हणायची, “शेवटी हिंदीवाल्यांचंच बरोबर निघालं. ओली ती ओलीच.” म्युनिसिपालिटीला नावं ठेवण्याची ही तिची त्यातल्या त्यात सौम्य पद्धत होती.

मी साताऱ्याची. लग्न होऊन ग्वाल्हेरला, लष्कर भागात आले आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागले, तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. तिथलं मराठी ऐकून मला पहिले काही महिने हसू आवरत नसे. जिज्जी आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची. पहिल्याच दिवशी ती मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “नवी सून येऊन राहिली आहे असं ऐकलं, म्हटलं बघून तर घेऊ. शिकलेली आहेस ना? मग मतदारांच्या यादीत तुझं नाव चालेल. सही कर.” चहा विचारायच्या आधी माझी सही झाली होती. त्या दिवसापासून ती मला ‘मास्तरीण’ म्हणू लागली.

जिज्जी म्हणजे थोरली बहीण. हा तिकडचा शब्द. ती कोणाची सख्खी बहीण नव्हती, पण गल्लीतल्या आजोबांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळे तिला जिज्जीच म्हणत. ठेंगणी, अंगाने भरलेली, नऊवारी जरा उंचच नेसलेली, आणि पायात पुरुषी चढाव. ते तिच्या वडिलांचे होते. बायका त्यावरून कुजबुजत. ती म्हणायची, “अप्पा गेले, घर मला ठेवून गेले. मग जोडे काय म्युनिसिपालिटीला द्यायचे होते?” हातात कायम अडकित्ता असायचा. समोरचा माणूस बोलत असताना ती सुपारी कातरायची आणि त्याचं बोलणं तिला पटलं नाही की अडकित्त्याचा आवाज वाढायचा.

त्या सुमाराला लष्करच्या म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत बायकांनाही मत देता येऊ लागलं होतं. सगळ्यांना नव्हे. जिच्या नावावर घर आहे किंवा जी लिहायला वाचायला शिकलेली आहे, तिला. पण त्यासाठी आधी यादीत नाव लागायला हवं होतं आणि बायका काही आपणहून कचेरीत जाणार नव्हत्या. म्हणून जिज्जीने आम्हा सातआठ जणींना गोळा करून मंडळ काढलं. मंडळाचा नियम एकच. मत कोणालाही द्या, पण द्या. उमेदवारांनी तिला आपल्या बाजूने ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा ती त्यांना बसवून घ्यायची, त्यांच्या पैशाने आलेली मिठाई खायची आणि म्हणायची, “तुमचं काम झालं. आता आमचं काम करू द्या.”

तिची कामाची रीत वेगळी होती. आम्ही शिकलेल्या बायका दुपारी, सगळं आवरल्यावर घरोघर जायचो. त्या वेळी बायका झोपलेल्या असत किंवा झोपल्याचं सोंग घेत. जिज्जी सकाळी कणीक भिजवायच्या वेळेला जायची. “कणकेत हात असलेली बाई पळून जात नाही,” ती म्हणायची, “आणि दारही लावू शकत नाही.” उंबऱ्यावर ऐसपैस बसून ती विषय काढायची तो नालीचा, दिव्याच्या खांबाचा, नाही तर नळाला पाणी किती वेळ येतं याचा. कणीक मळून होईपर्यंत बाई म्युनिसिपालिटीवर पुरती तापलेली असायची. मग जिज्जी हळूच म्हणायची, “मला सांगून काय होणार बाई? ज्याला सांगायचं त्याला सांगायची सोय झाली आहे.” की झालं, पिठाच्या अंगठ्याचा ठसा कागदावर.

नया बाजारातल्या भिंतीचा किस्सा तर लष्करभर गाजला. मराठी बायका बऱ्याच झाल्या, आता हिंदी बायकांकडेही वळायला हवं असं ठरलं, आणि मंडळाने मोठ्या उत्साहाने भिंतीवर गेरूने घोषणा रंगवून घेतली, “बहनो, मत दो.” मराठीत मत म्हणजे मत. हिंदीत मात्र ‘मत दो’ म्हणजे देऊ नका. आमच्या मंडळात सगळ्या दक्षिणी, म्हणजे मराठी घरच्या, त्यामुळे घोषणा एकमताने मंजूर झाली होती. दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे हीऽ गर्दी. एक भाजीवाली जिज्जीला विचारत होती, “किसे न दें, बाईजी?” देवळासाठी वर्गणी गोळा करणारे बाबाजी तर तावातावाने आमच्याकडे आले. बायका त्यांना भिंत दाखवून परत पाठवू लागल्या होत्या.

आम्ही शरमेने मेलो. चुना मागवून ती भिंत पुसायचं ठरलं. जिज्जी म्हणाली, “पुसता कशाला? नया बाजारात एवढी माणसं आजवर कुठल्या भिंतीपुढे उभी राहिली होती?” आणि तिने त्याच गेरूने खाली दुसरी ओळ लिहवून घेतली, “बिना सोचे मत मत दो.” आता यातला पहिला मत कोणता आणि दुसरा कोणता, यावर पानाच्या ठेल्यावर वाद रंगू लागले. कोणीतरी शेवटी अर्थ लावायचा आणि बाकीच्यांना समजावून सांगायचा. आमचं काम बाजारच करू लागला.

ही सगळी धडपड ती कशासाठी करायची, हे मला हळूहळू कळलं. नालीसाठी होतीच. पण त्याहून जास्त, तिला स्वतःला एकदा मत द्यायचं होतं. घर तिच्या नावावर, घरपट्टी तीच भरायची, आणि तरी कुठल्याही कागदावर तिला कोणी माणूस म्हणून मोजलेलं नव्हतं. “एकदा,” ती मला म्हणाली होती, “एकदा सरकारने माझं नाव पुकारावं आणि मी पुढे व्हावं. पुढचं पुढे.” असं गंभीर ती फार वेळ बोलायची नाही. लगेच अडकित्ता कुरकुरू लागायचा.

अडचण नवऱ्याच्या नावाची होती. यादीत लग्न झालेल्या बाईच्या पुढे नवऱ्याचं नाव लागायचं. जिज्जीचा नवरा लग्नानंतर तीनेक वर्षांनी ‘उज्जैनला जाऊन येतो’ म्हणून गेला तो आलाच नाही. दुसरं घर केल्याची बातमी मागाहून आली. जिज्जी माहेरी परतली आणि तिथेच राहिली. कुंकू लावायची. “ते आहेत असं लोक म्हणतात,” ती सांगायची, “मी लोकांवर विश्वास ठेवते.” पण त्याचं नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक नव्या नवरीला उखाणा तीच रचून द्यायची, आणि तिला कोणी नाव घ्यायला सांगितलं की म्हणायची, “आमच्या ह्यांच्या नावाला यमक जुळत नाही.” मी एकदा म्हटलं, “जिज्जी, शेवटी ‘राव’ लावला की गाव, नाव, भाव, सगळं जुळतं.” ती म्हणाली, “डावसुद्धा जुळतो,” आणि उठून गेली. गल्लीतल्या म्हाताऱ्या तिच्या पातिव्रत्याचं कौतुक करायच्या. तिने यादीत आपलं नाव वडिलांच्या नावापुढे लावून घेतलं होतं. सदाशिव अमक्याची ‘दुख्तर’, म्हणजे मुलगी. कागदपत्रांची भाषा तेव्हा अशी अर्धी उर्दू असायची.

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. जिज्जीने ठरवलं, एकेका घरी जायचं कशाला, सगळ्या सवाष्णी एका ठिकाणी येतातच, तर मुन्शीलाच तिथे आणू. कचेरीचे मुन्शी रामसहाय शेजारच्या मुरारहून टांग्याने आले. गल्लीतल्याच सरूवहिनींच्या घरी ओसरीवर त्यांची बैठक घातली, मध्ये पडदा, आत बायका. हे मुन्शी वयस्क, सज्जन, आणि एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. “मैं अपनी तरफ़ से एक हर्फ़ नहीं लिखता,” ते म्हणायचे. पदरचं एक अक्षर नाही, जे ऐकायचं तेच लिहायचं. मराठी त्यांना येत नव्हतं.

पहिलीच बाई अडली. “नाम?” मुन्शींनी विचारलं. आतून आवाज आला, “कुठलं? इकडचं की माहेरचं?” ते निस्तरलं, तर पुढे “पति का नाम?” आणि आत एकदम शांतता. नवऱ्याचं नाव असं सरळ कोण घेणार? बांगड्या वाजल्या, कोणी खुदकन हसलं, पण नाव काही येईना. तेव्हा जिज्जी म्हणाली, “यात काय आहे? सण आहे, उखाण्यात घ्या.” आणि मग बायकांना जोर चढला. घरची मालकीण म्हणून पहिला मान सरूवहिनींचा. त्यांनी ठसक्यात म्हटलं,

“गजक आणली मुरारहून, वर भरपूर तीळ,
केशवरावांचं नाव घेते, सोडा तुमचा पीळ.”

तीळगुळाच्या पातळ वड्यांना तिकडे गजक म्हणतात, आणि केशवरावांचा पीळ तर गल्लीला ठाऊक होता. ते हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, रस्त्याने चालतानाही छत्री भाल्यासारखी धरून चालत. हशा पिकला. दुसरीने लगेच,

“नया बाजारात घेतला चंदेरी शालू,
विनायकरावांचं नाव घेते, मुन्शीजी, लिहायला करा चालू.”

मुन्शी बाहेरून “ज़रा धीरे, बाईजी” म्हणत होते आणि भराभर लिहीत होते. जिज्जी पडद्याला लागून बसली होती. तिला मुन्शींची लेखणी दिसत होती की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून मात्र मला तेव्हाच शंका आली होती.

काही दिवसांनी कच्ची यादी कचेरीबाहेर लागली. लष्करातली सगळी रिकामी मंडळी ती वाचायला लोटली. बायकोला तिकडे ‘जौजे’ लिहीत. यादीत स्पष्ट, वळणदार अक्षरात होतं, “सरस्वतीबाई, जौजे गजक आणली.” त्याखाली, “मालतीबाई, जौजे चंदेरी शालू.” मुन्शींनी खरोखर स्वतःच्या मनाचा एक हर्फ घातला नव्हता. त्यांना वाटलं, दक्षिणी लोकांची नावं अशीच लांब असतात, जागा पुरेल तेवढं लिहावं.

विनायकराव हसले आणि त्यांनी खरोखरच एक शालू आणला. केशवरावांना हसू आलं नाही. बाजारात त्यांना बघून पोरं “गजकबाबू” म्हणून ओरडू लागली. हलवाई अदबीने विचारू लागला, “बाबूजी, मुरार से लाए क्या?” जिज्जीने आणि मी कचेरीत जाऊन एकेक नाव दुरुस्त करून घेतलं, पण हलवायाची दुरुस्ती कोण करणार? केशवराव छत्री घेऊन जिज्जीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “यमूबाई, तुम्ही आमचं नाव घालवलंत. आता तुमचं कसं राहतं ते बघतो.” जिज्जी म्हणाली, “या ना आत, उन्हात कशाला उभे?” ते आले नाहीत. ते सरळ कचेरीत गेले आणि त्यांनी जिज्जीच्या नावावर हरकत घेतली. बाई विवाहित आहे, नवरा हयात आहे, तरी वडिलांच्या नावापुढे नोंद आहे, सबब नोंद खोटी.

हरकत कायद्याने बरोबर होती, हीच पंचाईत. सुनावणीचा हुकूम आला. बाईने हजर राहून नवऱ्याचं नाव सांगावं, नाही तर यादीतून नाव कमी होईल. त्या रात्री गल्लीत दुसरा विषय नव्हता. म्हाताऱ्या म्हणाल्या, यमू मत सोडेल पण नाव घेणार नाही, पतिव्रता आहे. केशवरावांचाही हाच होरा होता. मी तिच्या घरी गेले तर ती अप्पांचे चढाव तेल लावून चोळत बसली होती. मी म्हटलं, “जिज्जी, मी सांगते ना साहेबांना तुमच्या वतीने. कोणी तरी सांगितलं म्हणजे झालं.” ती म्हणाली, “मत पण तूच देऊन ये मग.” आणि त्या दिवशी तिने सुपारी कातरली नाही. मला तिची काळजी वाटली.

कचेरीत आम्ही मंडळाच्या सगळ्या जणी गेलो. एका कोपऱ्यात केशवराव छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मुन्शी रामसहाय सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या शेजारी लेखणी घेऊन बसले होते. आम्हाला बघून ते जरा घाबरलेच. साहेब तरुण होते, कामात होते, वर न बघताच त्यांनी विचारलं, “शादीशुदा हैं?”

“जी.”

“पति का नाम?”

जिज्जी उखाणा घेईल असं मला वाटलं. इतक्या जणींना दिले, आपल्यासाठी एखादा ठेवणीतला रचला असेल, लोकांना हसवेल आणि त्या हशात नाव ढकलून मोकळी होईल. तिने तसं काही केलं नाही. मान खाली घातली नाही, पदर सावरला नाही. गाडीत कोणी विचारावं कुठलं स्टेशन आलं, आणि खिडकीजवळच्याने सांगावं, तसं ती म्हणाली,

“वामन गणेश खांबेटे.”

‘राव’ नाही, काही नाही. मागे एका म्हाताऱ्या बाईने तोंडावर हात घेतला. मुन्शींनी लिहून घेतलं. आता मात्र साहेबांनी वर बघितलं.

“ज़िंदा हैं?”

“नहीं हैं, ऐसा तो सुना नहीं.”

“रहते कहाँ हैं?”

“पता मालूम होता हुजूर,” जिज्जी म्हणाली, “तो उनका भी नाम लिखवा दिया होता. हमारा तो काम ही यही है.”

आधी मुन्शी हसले, मग साहेब, मग सगळी कचेरी. केशवराव हसले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते. साहेबांनी ‘दुख्तर’ खोडून ‘जौजे’ लिहवलं, नोंद कायम केली आणि पुढचा माणूस बोलावला. एवढ्याच वेळात सगळं झालं.

बाहेर आल्यावर केशवराव मागून आले. छत्री या हातातून त्या हातात करत म्हणाले, “यमूबाई, मी असं करायला नको होतं.” ती म्हणाली, “का बरं? हरकत घ्यायला कचेरीत आलात, हेही नागरिकाचंच काम आहे. मंडळातर्फे तुमचे आभार.” त्यांना हसावं की रागवावं कळेना. ते नमस्कार करून गेले.

बाकीच्या बायका पुढे झाल्या आणि आम्ही दोघीच मागे राहिलो. मी म्हटलं, “जिज्जी, शेवटी त्यांचंच नाव लागलं तुमच्या नावाला.” ती म्हणाली, “लागू दे. इतक्या वर्षांत माझ्यासाठी त्याने काही केलं नाही, आज एक मत मिळवून दिलं.” मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. ती पुढे चालू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लोकांना वाटायचं मी मान म्हणून नाव घेत नाही. तसं नव्हतं गं. मला भीती वाटायची, घेतलं आणि आवाज कापला तर? मग सगळ्यांना कळेल ना, की अजून आहे काही तरी.” चालता चालताच तिने विचारलं, “कापला का?”

“नाही जिज्जी. बिलकुल नाही.”

“मग झालं,” ती म्हणाली, आणि कनवटीची सुपारी काढली.

निवडणूक झाली त्याच महिन्यात आमच्या ह्यांची नागपूरला बदली झाली आणि मी ग्वाल्हेर सोडलं. पत्रं येत जात राहिली, पण जिज्जीला मी शेवटचं डोळे भरून पाहिलं ते मतदानाच्या दिवशी, शाळेच्या पटांगणात. सकाळी पहिल्या पुकाऱ्यालाच तिचं नाव आलं. ती आत गेली, बाहेर आली, आणि घरी जायचं सोडून रांगेसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उन्हात उभी राहिली. कोणाला मत दिलं असं कोणी विचारलं की म्हणायची, “ते मीच तर मला सांगत नाही.” एकेक बाई आत सोडताना तिचा पदर नीट करत होती, कोणाचं पोर कडेवर घेत होती.

दुपारी एक नवी नवरी आली, माहेर मुरारचं. टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि अडली. आतल्या बाबूने नवऱ्याचं नाव दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. तिची मान खाली, बोटं पदराशी, आणि तोंडातून शब्द नाही. मागे रांग खोळंबली. बाबू वैतागून पुढचं नाव पुकारणार, तोच दोरीच्या अलीकडूनच जिज्जीचा आवाज गेला, दुसऱ्याचं पोर कडेवर, उन्हाने तोंड लाल झालेलं.

“घे गं. नुसतं नाव आहे ते. चावत नाही.”

त्या मुलीने वळून तिच्याकडे पाहिलं, आणि नाव घेतलं.